योसेफ, इसहाक, योना आणि यादीत न बसणाऱ्या गोष्टी

बायबल वाचणाऱ्या माणसाने योसेफ आणि येशू यांच्यातल्या साम्याची यादी एकदा तरी पाहिलेली असतेच. बापाचा लाडका मुलगा, बाप त्याला भावांकडे पाठवतो, भाऊ आधीच डूख धरून बसलेले, अंगावरचा झगा ओरबाडून घेतात, चांदी घेऊन विकून टाकतात (योसेफाचे वीस, येशूचे तीस, मधल्या काळात भाव वाढला असावा), मग दोन कैद्यांबरोबर तुरुंगात, त्यातला एक सुटतो आणि एक मरतो, मग एकदम मिसरच्या राजाच्या, म्हणजे फारोच्या, खालोखालची गादी आणि तेव्हा वय बरोब्बर तीस. काही याद्या तर शंभरी गाठतात.

आता गंमत अशी की नव्या करारात योसेफाला ख्रिस्ताची पूर्वछाया, म्हणजे पुढे येणाऱ्याची आधीच पडलेली सावली, असं कुणीच कुठे म्हटलेलं नाही. आदामाला पौल म्हणतो, रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात, अगदी स्पष्ट. मलकीसदेकावर इब्री लोकांस पत्रात अख्खा अध्याय आहे, योनाचं नाव तर येशू स्वतःच घेतो. योसेफाचा उल्लेख प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातल्या स्तेफनाच्या भाषणात येतो, इब्रीच्या 11व्या अध्यायात त्याच्या अस्थींबद्दल एक ओळ येते, आणखी एक-दोन ठिकाणी नुसतं नाव, बास. म्हणजे ही सगळी यादी नंतरच्या वाचकांनी जमवलेली आहे. त्याला माझी हरकत नाही, साम्य आहे ते आहेच, पण त्या यादीत उत्पत्ति 47, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा 47वा अध्याय, कधीच नसतो बघा. दुष्काळात लोक धान्य मागायला येतात तेव्हा योसेफ आधी त्यांचा पैसा घेतो, पैसा संपल्यावर गुरंढोरं, मग जमिनी आणि शेवटी ती माणसंच, सगळा मिसर देश फारोचा गुलाम होतो, पुजाऱ्यांच्या जमिनी तेवढ्या वाचतात. लोक वर त्याला म्हणतात तुम्ही आमचे प्राण वाचवले. खरंच वाचवले होते. पण हा तारणारा भाकरीच्या बदल्यात माणसं विकत घेतो आणि याचं काय करायचं हे यादी करणारा सांगत नाही, तो सरळ पान उलटतो.

मला हल्ली या विषयात हेच सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं, जुळतं कुठे हे दिसायला फार वेळ लागत नाही, पण जिथे जुळत नाही तिथे गोष्ट खरी बोलायला लागते.

इसहाकाचंच घ्या. उत्पत्ति 22. देव अब्राहामाला मुलाचा बळी द्यायला सांगतो आणि दोघं निघतात. तिसऱ्या दिवशी लांबून डोंगर दिसतो, अब्राहाम लाकडं मुलाच्या पाठीवर देतो आणि विस्तव आणि सुरा स्वतःच्या हातात ठेवतो (मुलाला लागू नये म्हणून, असं मला उगाच वाटतं, मजकुरात तसं काही नाही). मुलगा विचारतो बाबा, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठाय? बाप म्हणतो देव बघून देईल. लाकूड खांद्यावर घेऊन टेकडी चढणारा एकुलता एक मुलगा म्हटल्यावर ख्रिस्ती वाचकाला दुसरं काही सुचणारच नाही, पण बेरेशीत रब्बा नावाच्या जुन्या यहुदी भाष्यात, म्हणजे येशूला मशीहा न मानणाऱ्या रब्बींच्याच भाष्यात, असं वाक्य आहे की इसहाक चालला होता ते आपला वधस्तंभ खांद्यावर घेऊन निघालेल्या माणसासारखा. रोमन राज्यात राहणाऱ्या लोकांनी ते दृश्य रस्त्यावर पाहिलेलं होतं, त्यांना ही उपमा सुचायला नवा करार लागला नाही.

पण पुढे काय होतं? मुलगा मरत नाही. त्याने कोकरू विचारलं होतं आणि आला एडका, झुडपात शिंगं अडकलेला. सार्दीसचा मेलितो म्हणून दुसऱ्या शतकातला एक बिशप होता, त्याला हे तेव्हाच दिसलं होतं, तो लिहितो की इसहाकाला बांधलं पण त्याने दुःख सोसलं नाही, ख्रिस्ताने सोसलं. म्हणजे मेलितोच्या हिशोबात मुलगा आणि एडका दोघं मिळून एक चित्र होतं, एकट्या इसहाकाने भागत नाही. आणि अध्यायाच्या शेवटी तर कमालच आहे, 19व्या वचनात अब्राहाम खाली नोकरांकडे परत येतो असं लिहिलंय आणि इसहाकाचं नावच नाही! जाताना दोघं बरोबर गेले हे दोनदा सांगितलंय, येताना एकटा बाप. यहुदी भाष्यकारांनी यावर डोकं खूप खाजवलंय. सिरियात दुरा युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) सापडलं, त्यात तोराह, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र, ठेवायच्या कोनाड्याच्या वर हाच प्रसंग रंगवलाय आणि अब्राहाम चक्क आपल्याकडे पाठ करून उभा आहे, त्याचा चेहरा दिसतच नाही. मला ते चित्र पटतं. त्या क्षणाचा चेहरा काढायचा तरी कसा.

मलकीसदेक वेगळ्या प्रकारचा. याची सगळी गोष्ट तीन वचनांची. शालेमचा राजा, परात्पर देवाचा याजक, लढाईवरून परतणाऱ्या अब्रामासाठी (अब्राहामाचं आधीचं नाव) भाकर आणि द्राक्षारस घेऊन येतो, आशीर्वाद देतो, दशमांश घेतो आणि गायब. उत्पत्ति म्हणजे पानोपानी वंशावळ, अमक्याला अमका झाला, आणि या माणसाला ना बाप ना आई ना जन्म ना मृत्यू. इब्री लोकांस पत्राचा लेखक नेमका हाच मोकळा कोपरा पकडतो आणि म्हणतो बघा, याला आरंभ नाही शेवट नाही, पुत्रासारखाच. न लिहिलेल्या गोष्टीवर एवढा मोठा युक्तिवाद उभा करायचा म्हणजे वकिलीच आहे, पण भारी वकिली. आणि हे काही त्याच्याच डोक्यातून आलेलं नाही. मृत समुद्राजवळ कुमरानच्या 11 नंबरच्या गुहेत, जी 1956 मध्ये सापडली, एक गुंडाळी मिळाली त्यात मलकीसदेक शेवटच्या काळात येऊन बंदिवानांना सोडवणारा स्वर्गीय न्यायाधीश आहे. ख्रिस्ती मंडळी यायच्या आधीच लोक या तीन वचनांमधून तारणारा शोधत होते.

खरं तर ही सवय खुद्द हिब्रू संदेष्ट्यांचीच. यहेज्केल बाबेलच्या बंदिवासात बसून सांगतो की देव आपला सेवक दावीद याला लोकांवर मेंढपाळ म्हणून नेमेल, आणि दावीद मरून तेव्हा साधारण चारशे वर्षं झालेली! यशयाच्या पुस्तकात बाबेलमधून सुटका म्हणजे दुसरं निर्गमन (पहिलं मिसरमधून सुटकेचं), परत पाण्यातून वाट, परत अरण्यातून रस्ता. मागच्या माणसाच्या मापाने पुढचा माणूस बघायचा हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं, त्यामुळे ख्रिस्ती लोकांनी परक्या पुस्तकावर आपला अर्थ लादला एवढं म्हणून हा विषय संपत नाही.

लादलंय मात्र, काही ठिकाणी बेफाम लादलंय. बर्नबाच्या नावाने चालणारं एक जुनं पत्र आहे (बायबलमधलं नाही), त्यात अब्राहामाच्या 318 सेवकांचा हिशोब दिलाय. ग्रीकमध्ये अक्षरांनीच आकडे लिहायचे, 18 म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि 300 म्हणजे टाउ, जे क्रूसासारखं दिसतं, झालं काम. उत्पत्ति मुळात हिब्रूत आहे याचं त्या भल्या माणसाला काहीच वाटत नाही. आणि पंधराव्या शतकातली ती लाकडी ठशांवर छापलेली चित्रांची बायबलं, बिब्लिया पाउपेरुम, त्यात प्रत्येक पानावर मधे येशूचा प्रसंग आणि दोन बाजूंना जुन्या करारातले दोन. क्रूसाच्या एका बाजूला इसहाक, दुसऱ्या बाजूला मोशेचा पितळी साप. पुरलं जाण्याच्या पानावर विहिरीत सोडलेला योसेफ आणि माशाच्या तोंडात जाणारा योना. पुनरुत्थानाच्या पानावर एकीकडे माशातून बाहेर येणारा योना, ठीक आहे, आणि दुसरीकडे गाझा शहराचे दरवाजे उखडून खांद्यावर घेऊन निघालेला शमशोन. मृत्यूची दारं मोडली, चित्र म्हणून झकास. फक्त शास्ते 16 उघडून बघा शमशोन त्या रात्री गाझात कुणाच्या घरी गेला होता, चित्रकाराने ते सोयीस्कर गाळलंय.

योनाबद्दल येशूने स्वतः सांगितलं, तीन दिवस तीन रात्री माशाच्या पोटात तसा मनुष्याचा पुत्र पृथ्वीच्या पोटात. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार पहाट यात तीन रात्री कशा बसवायच्या यावर लोक अजून वाद घालतात, घालू देत. मला त्याहून मोठा फरक दुसरीकडे दिसतो. योना पळून गेलेला संदेष्टा आहे, उलट्या दिशेचं जहाज पकडणारा, आणि शेवटी नाइलाजाने निनवेला जातो, चाळीस दिवसांत नाश होणार एवढंच ओरडतो आणि शहर खरंच पश्चात्ताप करतं तर हा चिडून बाहेर जाऊन बसतो. शहर वाचलं म्हणून राग! लूकमध्ये येशू यरुशलेम दिसल्यावर रडतो, कारण ते वाचणार नाही हे त्याला कळलंय. दोघंही शहराबाहेरून शहराकडे बघतायत आणि एवढं उलटं साम्य मी कुठल्याच यादीत पाहिलं नाही. यहुदी लोक योनाचं पुस्तक योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी वाचतात, तिथे ते कुणाची सावली वगैरे नसतं, देवाने वाचणाऱ्याला थेट विचारलेला प्रश्न असतो, की एक लाख वीस हजार माणसांची आणि इतक्या गुराढोरांची मी कीव करू नये का. पूर्वछायेच्या नादात हा प्रश्न हातातून सुटू नये एवढं मला वाटतं.

राहिला दावीद. मशीहाची सगळी कल्पनाच ज्याच्यावर उभी तो हा, आणि यादी करायला सगळ्यात अवघडही हाच, कारण बथशेबाचं प्रकरण आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे ठेवून मारवणं हे काही कुणाला लपवता येत नाही. मत्तयने लपवलंही नाही. येशू दावीदाचा पुत्र हे सिद्ध करायलाच तो वंशावळ लिहायला बसला, पहिल्याच पानावर, आणि तिथे बथशेबाचं नाव न घेता त्याने लिहिलं की दावीदाला शलमोन झाला तो उरीयाच्या बायकोपासून.