तंजावरचं पिटलै

गेली बरीच वर्षं मी ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवतेय, आणि सांस्कृतिक भूदृश्य हा शब्द आला की मुलं नुसती व्याख्या पाठ करतात, डोळ्यासमोर काही उभंच राहत नाही त्यांच्या. यंदा जानेवारीत तंजावरला गेले आणि वाटलं, हे आधी बघायला हवं होतं.

त्रिचीहून बस घेतली. दोन्ही बाजूंना भात, मग कालवा, परत भात, कुठे कुठे कापणी चाललेली. कार्ल सॉअर या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९२५ मध्ये मांडलं होतं की निसर्ग हे माध्यम, संस्कृती ही घडवणारी, आणि त्यातून जे तयार होतं ते सांस्कृतिक भूदृश्य. आता कावेरीचा हा सगळा गाळाचा प्रदेश, दगड औषधालाही सापडायचा नाही, आणि तिथे राजराज चोळाने १०१० च्या सुमारास अख्खं ग्रॅनाइटचं बृहदीश्वर मंदिर पुरं केलं, दोनशे फुटांच्या वर शिखर! एवढा दगड लांबून आणायचा म्हंजे मागे केवढं भात पिकत असणार, किती हात राबले असणार. शेत आणि शिखर वेगळं काढताच येत नाही.

त्याच मंदिराच्या आवारात नैऋत्येच्या बाजूला भिंतीवर मराठी शिलालेख आहे, इथले मराठा राजे सरफोजी यांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला, भोसले घराण्याचा सगळा इतिहास. ओळीमागून ओळ नुसती देवनागरी. आजूबाजूला सगळे तमिळ बोलतायत आणि मी एकटी भिंतीला नाक लावून एकेक शब्द जुळवत उभी, भरून आलं अगदी.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी १६७५ च्या आसपास इथे आले आणि १८५५ ला राज्य संपलं, पण माणसं परत नाही गेली. ओळखीतून अशाच एका घरी जेवायला गेले होते. आजी ऐंशीच्या पुढच्या. मराठीच बोलत होत्या, पण हेल असा तमिळ की पहिली पाच मिनिटं मला नीट कळेचना. शेजारीपाजारी त्यांना 'रायर' म्हणतात, म्हंजे आपलं 'राव'. मी विचारलं, आजी तुमचं मूळ गाव कुठलं? म्हणाल्या, तंजावर. मी म्हटलं त्याच्या आधीचं? त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि परत म्हणाल्या, तंजावरच की.

पानात पिटलै होतं. हे नाव आपल्या पिठल्यावरून आलं असं म्हणतात, पण त्यात बेसन नाहीच! कारल्याच्या फोडी, तूरडाळ, चिंचेचा कोळ, आणि धणे-मिरची-खोबरं भाजून वाटलेलं वाटण, वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. कडू, आंबट, मग खोबऱ्याची गोडी, गरम भातावर ओतून. आम्ही वर्गात प्रसरण, म्हंजे एका जागची रीत दुसरीकडे कशी पसरते ते, शिकवतो तेव्हा नकाशावर बाण काढतो, पण बाणाच्या दुसऱ्या टोकाला काय होतं ते या वाटीत होतं. भाताच्या मुलखात भाकरी कुठली, मग भाकरीबरोबरचं पिठलं तसंच्या तसं कसं राहणार? कीर्तनाचंही तेच, इथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी ही आपली मराठी वृत्तं अजून आहेत, कथा तमिळमध्ये. आजींनी एक दिंडी म्हणून दाखवली, चाल पटकन ओळखीची वाटली.

निघताना मी कृती मागितली, तर त्यांनी जुनी वही काढली. सगळी तमिळ लिपी. मला वाटलं आता कुणाला तरी भाषांतर करायला लावावं लागणार, पण त्या वाचायला लागल्या तर भाषा मराठी! लहानपणापासून घरची मराठी त्यांनी तमिळ अक्षरांतच लिहिलीय, देवनागरी कधी शिकल्याच नाहीत, त्यामुळे मंदिराची ती भिंत त्यांनी आयुष्यभर पाहिलीय पण वाचलेली नाही. मग त्या एकेक ओळ सावकाश सांगत गेल्या आणि मी माझ्या वहीत उतरवून घेतलं, आणि मोबाइलवर काढलेले शिलालेखाचे फोटो दाखवून जेवढं लागत होतं तेवढं त्यांना वाचून दाखवलं. 'व्यंकोजी' आलं तिथे त्यांनी थांबवलं आणि ते अक्षर कुठलं, बोट ठेवून दाखव म्हणाल्या.