आलेला फॅक्स मेलवर पीडीएफ म्हणून मिळावा यासाठी काय काय केलं, माझा अनुभव

आमच्या ऑफिसात फॅक्स अजून येतात, सहीचे कागद काही लोक फॅक्सनेच पाठवतात, आणि मशीनच्या ट्रेमध्ये पडलेला कागद चुकून दुसऱ्याच कुणी उचलून नेला की शोधत बसावं लागायचं. म्हणून एका जुन्या लिनक्स कॉम्प्युटरला फॅक्स मोडेम जोडला आणि हायलाफॅक्स नावाचं फॅक्स घेणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर टाकलं. ते आलेला फॅक्स टिफ (चित्राच्या फाइलचा एक प्रकार) फाइल म्हणून साठवतं आणि मेलला जोडून पाठवतं, मेल कुणाला आणि कुठल्या फॉरमॅटमध्ये जायचा ते फॅक्सडिस्पॅच नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहायचं. इथपर्यंत काही त्रास नाही, खरा वेळ खाल्ला तो फॉरमॅटने.

आधी टिफच पाठवत होतो. त्यात सगळी पानं एकाच फाइलमध्ये असतात, पण बऱ्याच जणांच्या फोनवर पहिलंच पान दिसायचं आणि त्यांना वाटायचं फॅक्स अर्धवट आलाय. शिवाय काही फॅक्स एकदम चपटे दिसायचे, काही अगदी नीट. कारण सापडलं तेव्हा बरं वाटलं: साध्या रिझोल्युशनच्या फॅक्समध्ये आडवे इंचाला 204 ठिपके असतात आणि उभे फक्त 98, त्यामुळे जो व्ह्यूअर हे बघतच नाही तो पान निम्म्या उंचीचं दाखवतो. फाइन मोडमध्ये, म्हणजे जास्त बारीक रिझोल्युशनमध्ये, उभे 196 असतात म्हणून तिथे फरक कळत नाही.

जेपीईजी करा असं कुणीतरी सुचवलं, करून बघितलं, अजिबात करू नका. ते फोटोसाठी ठीक आहे, काळ्या-पांढऱ्या अक्षरांच्या कडा त्यात धूसर होतात, फाइल फुगते आणि दर पानाला वेगळी फाइल. पीडीएफवर गेलो आणि सगळं सुटलं, फोनवर सगळी पानं दिसतात, उंची बरोबर येते, आणि फॅक्सचं ग्रुप 4 कॉम्प्रेशन (काळं-पांढरं पान लहान फाइलमध्ये बसवायची पद्धत) पीडीएफमध्येही चालतं त्यामुळे साइज लहानच राहते. मेलमधून जाताना अटॅचमेंट साधारण एक तृतीयांशने वाढते हे मात्र धरून चाला.

मेलच्या विषयात पाठवणाऱ्याचा नंबर आणि पानांची संख्या टाकतो. त्या नंबरवर फार विसंबू नका, पाठवणाऱ्याने स्वतःच्या मशीनमध्ये जो भरून ठेवलाय तोच येतो, कधी जुना असतो तर कधी रिकामाच. पानांची संख्या मात्र फार उपयोगी, लाइन मध्येच तुटली तर लगेच लक्षात येतं.

आणि मूळ टिफ सर्व्हरवरून पुसू नका, मी तर अजिबात पुसत नाही. मेल स्पॅममध्ये गेला तरी पाठवणाऱ्याच्या मशीनवर 'ओके' छापलेलं असतं, कारण त्याच्या दृष्टीने फॅक्स पोचलेला असतो. म्हणून रोज संध्याकाळी सर्व्हरवरची फॅक्सची यादी आणि गेलेले मेल ताडून बघतो, पाचेक मिनिटांचं काम आहे.