उतरायची ती रेषा चढली

मलेरियातून बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे काळानुसार कशी बदलतात, हे मोजण्याचे काम आमच्या प्रयोगशाळेत चालते. उपचार सुरू झाल्यापासून ठरावीक अंतराने रक्त घेतले जाते, त्यातील सीरम लहान लहान कुप्यांत उणे ८० अंशांवर साठवले जाते, आणि नवा नमुना आला की त्या रुग्णाचे जुने नमुनेही चाचणीच्या त्याच खाचांच्या प्लेटवर पुन्हा लावले जातात. कारण वेगवेगळ्या दिवशी केलेल्या एलायझाचे (प्रतिपिंडांचे प्रमाण रंगाच्या गडदपणावरून मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे शेजारी ठेवून चढउताराबद्दल बोलणे धोक्याचे असते. आमचे रुग्ण आता मलेरियाचा प्रसार नसलेल्या भागात राहतात, त्यामुळे नव्या संसर्गाची भर न पडता एकाच आजारानंतरचा उतार पाहायला मिळतो.

हा उतार बहुधा दोन टप्प्यांत होतो. आजारात घाईने तयार झालेल्या, प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी अल्पायुषी असतात. त्या मरू लागल्या की पहिल्या काही आठवड्यांत प्रतिपिंडे झपाट्याने घटतात. त्यानंतर रेषा मंदावते आणि लांबवर रेंगाळते. आयजीजी या रक्तातील मुख्य प्रकारच्या प्रतिपिंडाचे अर्धआयुष्य साधारण तीन आठवड्यांचे, त्यातल्या आयजीजी-३ या उपप्रकाराचे तर सुमारे एकाच आठवड्याचे. म्हणजे आजाराच्या वेळी बनलेल्या रेणूंपैकी सहा महिन्यांनी अडीचशेवा हिस्साही उरत नाही. तेव्हा जे मोजले जाते ते ताजे उत्पादन असते, आणि ते मुख्यतः अस्थिमज्जेत तग धरून राहिलेल्या दीर्घायुषी पेशींचे असते.

ज्या दिवसाबद्दल लिहायचे आहे, त्या दिवशी प्लेटवर एका मध्यमवयीन गृहस्थांचे नमुने होते. त्यांना व्हायव्हॅक्स या परजीवीचा मलेरिया होऊन आठ महिने उलटले होते. रसायन घातल्यावर निळा रंग चढतो आणि आम्ल घातले की तो पिवळा होतो. हा पिवळा नमुन्यागणिक फिका होत जावा, अशी अपेक्षा असते. त्यांच्या ओळीत तो फिका होत गेला होता, आणि शेवटच्या खाचेत मात्र एकदम गडद झाला होता. यंत्राने आकडा देण्याआधीच ते नजरेला कळत होते.

अशा वेळी पहिला संशय स्वतःच्या कामावर घ्यायचा असतो. नियंत्रण सीरमची प्रमाणरेषा नेहमीसारखीच होती, रिकाम्या खाचा स्वच्छ होत्या, आणि नव्या विरलनांनी केलेल्या फेरतपासणीतही तोच चढ दिसला. कुप्यांची अदलाबदल झाली असेल, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे होते. म्हणून त्याच नमुन्यांत टिटॅनसविरोधी प्रतिपिंडे मोजली. ती लशीमुळे वर्षानुवर्षे जवळपास स्थिर राहतात आणि त्यांची पातळी माणसागणिक वेगळी असते. आठही महिन्यांत ती एका सरळ रेषेत होती. नमुना त्यांचाच होता, आणि जे वाढले होते ते केवळ मलेरियाशी संबंधित होते.

पुढचा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण सगळ्या प्रतिजनांचे (परजीवीच्या ज्या प्रथिनांना प्रतिपिंडे चिकटतात त्यांचे) आकडे सारखे चढले नव्हते. एमएसपी-१ प्रथिनाच्या १९ किलोडाल्टन तुकड्याविरुद्धची प्रतिपिंडे मुळातच फारशी उतरली नव्हती, त्यामुळे त्यांत किंचितच फरक पडला. आरबीपी२बी या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे बरीच घटली होती आणि आता ती पहिल्या आजाराच्या पातळीजवळ पोहोचली होती. पहिल्यांदा होणाऱ्या संसर्गात आधी वाढणारे आयजीएम जेमतेम हलले होते, तर आयजीजी जोरात वाढले होते. पूर्वी घडलेल्या स्मृती बी-पेशी पुन्हा कामाला लागल्या की असेच चित्र दिसते. फॅल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीच्या प्रतिजनांविरुद्ध काहीच वाढ नव्हती. आणि डासाच्या चाव्यातून शिरणाऱ्या, परजीवीच्या स्पोरोझोइट या अवस्थेच्या पृष्ठभागावरील सीएसपी प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडेही जागची हलली नव्हती. सीएसपीविरुद्धची प्रतिपिंडे प्रत्येक संसर्गात वाढतातच असे नाही, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही; तरी परजीवी बाहेरून आलेला नसून आतूनच उठला असावा, याकडे बोट दाखवायला ते पुरेसे होते.

व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात सुप्त अवस्थेत राहतात आणि काही आठवड्यांनी, तर काही प्रकारांत आठ-दहा महिन्यांनीही जागे होतात. रक्तातल्या परजीवीविरुद्धची प्रतिपिंडे कितीही असली तरी यकृतपेशीत निजलेल्या या अवस्थेपर्यंत ती पोहोचत नाहीत. मात्र परजीवी रक्तात उतरला की त्यांचे काम सुरू होते. 1961 मध्ये गांबियात कोहेन, मॅक्ग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी रोगप्रतिकारक्षम प्रौढांच्या रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन आजारी मुलांना टोचून त्यांच्या रक्तातील परजीवी घटतात, हे दाखवून दिले होते. आमच्या या रुग्णाला ताप नव्हता, थोडा थकवा तेवढा होता. हे आधीच्या प्रतिपिंडांमुळे झाले, असे एकाच माणसावरून मी म्हणणार नाही, पण ते त्याच्याशी विसंगतही नाही.

आम्ही त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना कळवले. परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीत व्हायव्हॅक्स सापडला, आणि जाड रक्तपटलावर बराच वेळ शोधल्यावर मोजकेच परजीवी दिसले. चौकशीत असे समजले की ताप उतरल्यावर त्यांनी यकृतातल्या सुप्त परजीवींना मारणाऱ्या प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या मध्येच सोडल्या होत्या. रक्तातल्या परजीवींवरचे औषध घेऊन ते बरे झाले होते, यकृतातले परजीवी तसेच राहिले होते. जी-६-पीडी या विकराची (ते कमी असल्यास प्रायमाक्विनने तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात) पातळी ठीक असल्याची खात्री करून त्यांना दोन्ही औषधे नव्याने देण्यात आली.

या निकालाचा एक भाग मला अजूनही विद्यार्थ्यांना दाखवावासा वाटतो. आठव्या महिन्याचा एकच नमुना कोणी आमच्याकडे आणला असता, तर तो आकडा जुन्या आजाराची शिल्लक म्हणून सहज खपला असता. प्रतिपिंडे आढळली यावरून आज संसर्ग आहे की नाही, हे ठरत नाही. चढ दिसला तो आधीचे नमुने शेजारी होते म्हणून.

आलेखात त्यांची रेषा आम्ही तिथेच तोडली. दुसऱ्या उपचाराचा पहिला दिवस शून्य धरून नवी रेषा सुरू केली आणि रक्त घेण्याच्या पुढच्या तारखा त्यानुसार नव्याने लावल्या.