वय : ० वर्षे

दुपारी लेक झोपली की आम्ही दोघं कुजबुजत सहल ठरवतो. परवा अशीच एका हॉटेलच्या साइटवर शिरले. खोली एक, मोठी माणसं दोन. मुलं किती? एक. वय? खाली यादी उघडली, तर सगळ्यात वर ‘० वर्षे’. आम्हा दोघांच्या ओळीत तिसऱ्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदाच बसवलं होतं, तेही शून्य म्हणून. नवरा म्हणाला, “दाब की पुढे.” मी त्या शून्याकडेच बघत बसले.

रेल्वेच्या लेखी तर ती त्याहूनही किरकोळ. पाच वर्षांखालचं मूल, वेगळा बर्थ नको असेल तर तिकीटच नाही. म्हणजे रात्रभर ती भिंतीकडे आणि मी काठावर, एका कुशीवर. २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडून बाळासाठी छोटा बर्थ लावून बघितला होता. त्याचा फोटो मी फोनमध्ये जपून ठेवलाय. आणि आरक्षण! पूर्वी १२० दिवस आधी करता यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० वर आलं. लोक हळहळले, मला साठही फार वाटतात. दोन महिन्यांनी ही बाई रांगत असेल, की उभी राहून पडदे ओढत असेल? जी सहलीला येणार आहे तिची माझी अजून ओळखच नाही.

नवऱ्याच्या घरी ठिकाण निवडणं हा प्रकारच नव्हता. मे महिना म्हणजे आजोळ आणि घरात काही चांगलं घडलं की जेजुरी. “हे ठरवायला लागतं?” असं तो अजूनही खरोखरीच्या आश्चर्याने विचारतो. सासूबाईंचं म्हणणं सरळ आहे : आधी कुलदैवत, मग काय ते तुमचं. लग्नानंतर गडाच्या पाच पायऱ्या त्याने मला उचलून चढवल्या होत्या. आता दोघींना उचलणार का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “जावळाच्या वेळी बघू.”

आमच्याकडे मात्र एलटीसी होती.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, तिथली ही रजा-प्रवास सवलत. चार वर्षांचा एक ब्लॉक, त्यात एकदा मूळ गावी आणि एकदा भारतात कुठेही. सरकार जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं, राहण्याजेवणाचं नाही. त्यामुळे बाबांचं गणित पक्कं होतं : जितकं लांब जाल आणि जितकं कमी राहाल, तितका फायदा. उन्हाळ्यातल्या दुपारी ते पंख्याखाली फरशीवर रेल्वेचं वेळापत्रक उघडून बसत, कानावर पेन्सिल. आई दशम्या कुठल्या स्टेशनापर्यंत टिकतील ते मोजायची. आम्ही भावंडं होल्डॉलचे पट्टे एकमेकांना बांधायचो. एकदा आईने हळूच विचारलं, “लोणावळ्याला जाऊ या का? दोन दिवस पाय पसरून राहता तरी येईल.” बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. “सरकार भाडं देतंय आणि लोणावळ्याला?”

कन्याकुमारीला गेलो. बिल अडकू नये म्हणून बाबा पुन्हापुन्हा डायरी काढून तिकिटाचा नंबर टिपलाय ना ते बघत होते. तिथून आणलेल्या रंगीत वाळूच्या पुड्या कितीतरी वर्षं शोकेसमध्ये होत्या. राहिलो ती खोली मला जराही आठवत नाही. खिडकीचे गज आठवतात, आणि स्टेशनांच्या पाट्या. सोलापूर मागे पडलं की कानडी, मग तेलुगू, तमिळ, मल्याळम. अक्षरं गोल होत गेली की आपण लांब आलो.

तर आता आमची यादी. महाबळेश्वर माझ्यापुरतं बाद. मला पॉइंट हा प्रकार सहन होत नाही. आर्थर, केट, एल्फिन्स्टन, सगळ्या साहेबांची हजेरी घेत टॅक्सीतून हिंडायचं, उतरायचं, दरी बघायची, फोटो काढायचा, परत बसायचं. विल्सन पॉइंटवरून सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही दिसतात म्हणे. सूर्योदय आम्हाला हल्ली रोज घरीच दाखवला जातो. शिवाय मध्ये पसरणीचा घाट. घाट म्हटला की मला एव्होमिन लागते, ती घेतली की मी झोपणार आणि लेक जागी.

माथेरानला वाहनं नेत नाहीत हे वाचून आधी हरखले. गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवायची, छान. पुढे? तांबडी माती, घोडे, माकडं आणि त्यातून बाबागाडी ढकलणारे आम्ही. नेरळची छोटी गाडी १९०७ पासूनची, दोन फुटी रुळांवरची. तिच्यात बसायची हौस आहे, पण ती माझी. पावसाळ्यात नेरळहून ती सुटतही नाही. लेकीला सध्या सगळ्यात जास्त रस पंख्यात आहे आणि पंखे सगळीकडे असतात. कोकणाचं नाव निघालं की ताम्हिणी आडवा येतो, आणि पुन्हा तीच गोळी.

तिला यातलं काहीच आठवणार नाही, हे येणारी जाणारी सगळी माणसं सांगून जातात. मान्य. पण हे तिच्यासाठी चाललंय असं कोण म्हणतंय? आजोळ जिंकतं की एलटीसी, एवढंच ठरायचं आहे, आणि दोघांपैकी कुणीही ते उघड बोलत नाही.

काल बाबांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“जावईबापूंना ऑफिसातून भाडं मिळतं का?”

“नाही.”

“मग लोणावळ्याला जा. पाय पसरून राहता येतं.”

मागून आईचा आवाज आला, “आत्ता?”