उलटं तोंड

जपानमधल्या मोरिओकाच्या शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, फलाटावर दुपारी हिरवी हायाबुसा गाडी येऊन थांबली. उतरणारे उतरले, चढणारे चढले, तरी मागच्या टोकाशी कठड्याला गर्दी तशीच. गर्दी म्हणजे चार-दोन पोरं, त्यांना कडेवर घेतलेल्या आज्या, कॅमेरा सरसावलेले एक आजोबा आणि मी. हायाबुसाच्या मागच्या नाकाची झडप उघडलेली होती. थोड्या वेळाने अकिताहून लाल कोमाची आली. आली म्हणजे सरपटत आली. अलीकडेच थांबली, जराशी सरकली, पुन्हा थांबली आणि मग हलकेच टेकली. दहा डबे हिरवे, सात लाल, आता सगळे मिळून तोक्योला, वाटेत ताशी ३२० किलोमीटरपर्यंत. एवढ्या वेगाच्या गाड्या जुळतात त्या अशा चोरपावलांनी? मला थोडा रागच आला. मला दणका हवा होता.

दणका म्हणजे दौंडचा. पुण्याहून आजोळी येवल्याला जाताना दौंडला गाडी उलटी फिरायची. पुढचं इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून मागच्या टोकाला जाऊन लागायचं, आणि लागताना असा हिसका द्यायचं की वरच्या फळीवरची वळकटी खाली यायची. आई "अगं बाई!" म्हणत तांब्या सावरायची. दादाने पुण्यालाच सुलट्या बाजूची खिडकी बळकावलेली असे. मी समोर, उलटा. येणारं प्रत्येक गाव, प्रत्येक पूल आधी दादाला दिसणार आणि मग मला, शिळा. तरी मी भांडायचो नाही. दौंड यायचंच होतं. हिसका बसला, गाडी हलली की राज्य बदललं. दादा उठून म्हणायचा, "चल, आता जागा बदलू." मी म्हणायचो, "का रे दादा? खिडकी तर तीच आहे."

उलटं बसणं मला अजूनही सोसत नाही. मळमळतं असं मी लोकांना सांगतो. मळमळत वगैरे काही नाही.

आणि ही कोमाची अकिताहून निघते तीच मुळी उलटी! ओमागारीला दौंडसारखीच गाडीची दिशा बदलते (इंजिन फिरवण्याचा खटाटोप तेवढा नाही), म्हणून खुर्च्या पुढच्या लांब प्रवासाच्या बेताने लावलेल्या असतात. तोवर अर्धा तास अख्खा डबा पाठ करून चालतो. खुर्च्या कळ दाबून फिरवता येतात, पण कोणी फिरवत नाही. थोड्या वेळाने सुलटं होणारच आहे, मग कशाला? सकाळी त्या गाडीत माझा पाय कळीपर्यंत गेला होता. पण मागच्या रांगेतल्या आजींनी नुकताच जेवणाचा डबा उघडला होता. खुर्ची फिरवली असती तर मी थेट त्यांच्या घासासमोर. पाय मागे घेतला. अकिताची बाजू तशी घरगुतीच आहे. जुनेच रूळ रुंद करून १९९७ साली शिन्कान्सेन त्यांवर आणली, त्यामुळे ही नाकाड गाडी तिकडे फाटकांवरून, भातखाचरांमधून १३० च्या आत चालते. तिचा खरा तोरा मोरिओकापासून सुरू होतो.

१९८२ च्या जूनमध्ये शिन्कान्सेन मोरिओकापर्यंत आली आणि वीस वर्षं इथेच संपत होती. उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येकाला इथे सामानासकट उतरणं भाग. २००२ च्या डिसेंबरात ती पुढे हाचिनोहेला गेली आणि शेजारच्या जुन्या मार्गाचा इकडचा भाग एका स्थानिक कंपनीकडे आला. कंपनीच्या नावात 'गिंगा' आहे, म्हणजे आकाशगंगा. नाव आकाशगंगा, गाडी दोन डब्यांची. मला हे फार आवडलं.

स्टेशनाबाहेर किताकामी नदीवर काइउन नावाचा पूल आहे. बदली होऊन आलेला माणूस त्यावर दोनदा रडतो म्हणतात. येताना, कुठल्या कुठे आलो म्हणून. जाताना, जावं लागतंय म्हणून. मोरिओकाचे लोक हे सांगतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नागपूरकराने उन्हाळ्याविषयी बोलावं तसा अभिमान असतो.

साध्या गाड्यांच्या फलाटावर मियाकोची डिझेल गाडी उभी होती. दिवसाकाठी बोटांवर मोजण्याइतक्याच सुटतात. आत बाकं समोरासमोर, आपल्यासारखी, म्हणजे निम्मी माणसं उलटी बसणारच. डोंगर ओलांडून ही समुद्राकाठी पोचते. मियाकोपासून किनाऱ्याने कामाइशीला जाणारा रूळमार्ग २०११ च्या मार्चमध्ये त्सुनामीने उद्ध्वस्त केला. त्यावर पुन्हा गाडी धावली ती २३ मार्च २०१९ ला. २०११ ला पहिलीत गेलेलं पोर तेव्हा नववीच्या उंबरठ्यावर आलं असणार. तोवर त्या काठच्या भावंडांना भांडायला खिडकीच नव्हती.