गुलाबाला पॅकेटची, पानांना घरची

केकवर साखरेची फुलं करणाऱ्या आम्हा बायकांमध्ये एक वाद कायम चालू असतो, गमपेस्ट, म्हणजे फुलं करायचा साखरेचा मळलेला गोळा, घरी मळायची की विकतची आणायची. आपल्याकडे 'घरचं' म्हटलं की ते चांगलंच असणार हे आधीच ठरलेलं असतं, मग ते लोणचं असो की गोडा मसाला. फुलांच्या बाबतीत मला ते पटत नाही. गुलाबाच्या पाकळ्यांसाठी पॅकेट आणा, आणि पानं, कळ्या, आतले गाभे, लहान भरीची फुलं हे सगळं घरच्या पेस्टचं करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट, गमपेस्ट म्हणजे फॉण्डंट नाही. फॉण्डंट केकवर चढवायचा, तो मऊच राहतो. गमपेस्टमध्ये सीएमसी (खाण्यात चालणारी, घट्टपणा आणणारी पावडर) जास्त असते, टायलोज म्हणूनही मिळते, त्यामुळे ती ताणली जाते, खूप पातळ लाटता येते आणि सुकली की कडक होते. (लाडवातला डिंक इथे चालत नाही बरं का, विचारतात म्हणून सांगते.) जुन्या रेसिपीत ट्रॅगाकँथ हा झाडाचा गम असायचा, पण तो महाग आणि पेस्ट रात्रभर मुरवावी लागते, त्यामुळे आता बहुतेक जणी सीएमसीच वापरतात.

माझी घरची पेस्ट अशी असते: अर्धा किलो आयसिंग शुगर, वीसेक ग्रॅम सीएमसी, एक मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज, चमचाभर व्हाइट शॉर्टनिंग (बेकिंगचं पांढरं घट्ट वनस्पती फॅट) आणि चार-पाच चमचे कोमट पाणी, पाणी एकदम नाही हळूहळू घालायचं. मूळ परदेशी रेसिपीत अंड्याचा पांढरा भाग असतो, काहींमध्ये जिलेटिन. आपल्या नाशिकमध्ये ऑर्डर घेताना पहिला प्रश्न 'एगलेस आहे ना?' हाच येतो, जैन घरची ऑर्डर असेल तर जिलेटिनबद्दलही विचारतात, आणि त्यांनी विचारायलाच हवं. घरच्या पेस्टचा हा मोठा फायदा आहे, आत काय आहे ते तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता. पॅकेट घेतलं तर हिरवा ठिपका बघा आणि मागचं बारीक अक्षरातलं सगळं वाचा, इम्पोर्टेड असेल तर वर चिकटवलेलं लेबलही वाचा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

साखरेबद्दल मात्र अजिबात तडजोड नको. मिक्सरमध्ये फिरवलेली पिठीसाखर पुरणपोळीच्या तुपासोबत छान लागते, गमपेस्टला नाही चालत. बोटांना ती बारीक वाटते पण पेस्ट पातळ लाटली की त्यातला एखादा कण नेमका पाकळीच्या कडेला येतो आणि तिथूनच ती फाटते. तयार आयसिंग शुगर आणा आणि तीही मलमलच्या कापडातून चाळून घ्या.

तरीही गुलाबाला पॅकेट का? कारण आपण नाशिकला राहतो. मुघलांच्या काळात या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, आणि आजही दिंडोरीकडे जानोरी, मोहाडी भागात पॉलीहाऊसमध्ये गुलाब पिकतो, इथल्या माणसाने खरा गुलाब रोज बघितलेला असतो. जाड पाकळी त्याला लगेच खटकते. खऱ्या गुलाबाची कड मागे वळते तिथे ती जवळजवळ पारदर्शक असते, आणि ते साखरेत आणायचं तर पेस्ट इतकी पातळ लाटावी लागते की खाली ठेवलेल्या कागदावरची अक्षरं दिसली पाहिजेत, मग फोमच्या पॅडवर बॉल टूल (टोकाला गोळा असलेली काडी) अर्धं कडेवर अर्धं बाहेर ठेवून हलक्या हाताने फिरवायचं, कड लहरते. चांगली पेस्ट इथे ताणली जाते. घरची बऱ्याचदा दातेरी फाटते. कंपनीत साखर कितीतरी बारीक दळलेली असते, मळणं मशीनचं असतं आणि प्रत्येक पॅकेट सारखं निघतं, हे आपल्या ओट्यावर जमणं अवघड आहे. पेस्ट तयार आहे का ते बघायला एक तुकडा हातात मळून दोन्हीकडून झटकन ओढा, टक् करून तुटली तर तयार, च्युइंगगमसारखी लांबत गेली तर अजून मळा.

हवेचं पण बघावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पाणी चढलेलं असतं तेव्हा घरातही सगळं दमट, पाकळ्या दिवसभर ठेवल्या तरी मान टाकतात, तेव्हा घरच्या पेस्टमध्ये सीएमसी चिमूटभर वाढवता येते, पॅकेटमध्येही मळता येते पण जपून, जास्त झाली की भेगा. एप्रिल-मेमध्ये उलटं, पंख्याखाली लाटेपर्यंत वर साय धरते, म्हणून पंखा बंद, हाताला शॉर्टनिंग, आणि एका वेळी दोन-तीनच पाकळ्या कापायच्या. सुकलेली फुलं फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढली की पाणी सुटतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

'विकतची पेस्ट वापरलीस म्हणजे फूल तुझं कसं?' असं म्हणणाऱ्या मैत्रिणी आहेत माझ्या. त्यांना मी संक्रांतीचे हलव्याचे दागिने आठवायला सांगते. हलवा बाजारातून आणून घरी दागिने ओवणाऱ्या कितीतरी बायका आहेत, नव्या सुनेच्या गळ्यात तो हार घातल्यावर हलवा कुणी केला असं कोणी विचारत नाही, ओवलाय किती सुबक ते बघतात. फुलाचंही मला तसंच वाटतं, पाकळी वळवणारा हात कुणाचा ते महत्त्वाचं.

खर्चाचं म्हणाल तर लग्नाच्या तीन मजली केकला सगळं पॅकेटचं केलं तर परवडत नाही, आणि पानांना तेवढी पातळ लाटायची गरजही नसते, शिरा उठल्या पाहिजेत, थोडी जाडी उलट बरी, देठासाठी आत घालायची तार नीट बसते. पानांचा हिरवा रंग मळतानाच घालायचा आणि जेल रंगच घ्यायचा, पाण्याच्या रंगाने पेस्ट चिकट होते. उरलेल्या पेस्टला शॉर्टनिंगचा हात लावून क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, वरून झिप पिशवी, घरची असेल तर फ्रिजमध्ये आणि पिशवीवर तारीख टाका. वापरायच्या आधी बाहेर काढून पिशवी न उघडता तशीच ठेवा, नॉर्मल झाली की मगच उघडा.