पोरांना घेऊन मालवण: मांडवी, पेज आणि दुपारची झोप

डिसेंबरात मालवणला जाऊन आलो. मी, बायको, माझी आई, नुकतीच पाच पूर्ण झालेली मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. परत आल्यापासून ओळखीतले लोक विचारतायत की एवढ्या लहान पोरांना घेऊन कसं काय जमवलं, आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून काढतो. मालवणात काय काय बघायचं याच्या याद्या भरपूर मिळतील, मी ते लिहिणार नाहीये. आमचं ठरलेलं एवढंच होतं की दिवसाला एकच गोष्ट करायची आणि दुपारी एक ते चार खोलीवर. बाकी सगळं प्लॅनिंग या दोन वाक्यांच्या आजूबाजूला केलं.

आधी जायचं कसं. आम्ही ठाण्याचे, त्यामुळे गाडीनं मुंबई-गोवा हायवे की कोकण रेल्वे हा वाद घरात आठवडाभर चालला. माझं मत विचाराल तर पाच वर्षांच्या आतली मुलं असतील तर ट्रेन, आणि ट्रेनमध्ये पण दिवसाची. कोकणकन्या किंवा तुतारी रात्रीची असते, मुलं झोपतील म्हणून लोक ती घेतात, पण मग सकाळी सकाळी कुडाळला (मालवणसाठी उतरायचं स्टेशन) उतरायचं, खोली दुपारपर्यंत रिकामी होत नाही, आणि तोंड न धुतलेली किरकिरी पोरं घेऊन कोणाच्या तरी पडवीत बसायचं. होमस्टेवाल्यांनी आदल्या रात्रीपासून खोली धरून ठेवली तर रात्रीची गाडीही चालेल, पण तसं आधी फोनवर पक्कं बोलून घ्या. दिवसाची गाडी म्हणजे मांडवी एक्सप्रेस, ती ठाण्याला सकाळी आठच्या आत येते आणि चारच्या आसपास, उशीर धरून पाचपर्यंत, कुडाळला सोडते. खोली तयार, उजेडात सामान लावून होतं, पोरांना संध्याकाळी समुद्र लांबून दाखवता येतो आणि नऊला सगळे आडवे.

तिकिटाचं बघा, कारण इथे बरेच जण गोंधळतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला वेगळा बर्थही मिळत नाही. पाच ते बारामध्ये बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. आमच्या मुलीचा आम्ही पूर्ण बर्थ घेतला, आठ तास कोणाच्या तरी मांडीवर बसून ती काही राहिली नसती. रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस होतं, अजून खूप जणांच्या डोक्यात तेच आहे), तेव्हा तारीख ठरली की उघडण्याच्या दिवशीच काढा, नाताळच्या आसपास तर नक्कीच. थर्ड एसीत साइड लोअर मिळाली तर सोन्याहून पिवळं, मुलांना स्वतःची खिडकी मिळते आणि समोरच्या काकांचे पाय पण मध्ये येत नाहीत. खाली जाताना सह्याद्री डाव्या हाताला राहतो. समुद्र दिसेल असं मुलांना आधी सांगून ठेवू नका, रुळावरून तो जवळपास दिसतच नाही, नद्या आणि खाड्या मात्र भरपूर.

डब्यातला वेळ कसा गेला ते सांगतो. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत आणि चिपळूण ते रत्नागिरी या पट्ट्यात तर एक संपला की दुसरा. मुलीला एक छोटी वही दिली, प्रत्येक बोगद्याला एक रेघ. रत्नागिरीच्या अलीकडे करबुडेचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा, तो संपतच नाही, तिने मध्येच विचारलं की आपण आता जमिनीच्या आत राहायला जाणार का. रत्नागिरीच्या पुढे पानवल नदीचा पूल, खूप उंच आहे, तेव्हा झोपलेल्यांना उठवा. मोबाईलबद्दल आमचा नियम होता की रत्नागिरी गेल्याशिवाय मोबाईल नाही. पहिल्या तासाला जर कार्टून लावलं तर पुढचे सात तास तुमच्याकडे काहीच शिल्लक राहत नाही. आणि जे दाखवायचंय ते घरूनच डाउनलोड करून न्या, बोगद्यांमध्ये नेटवर्क गेलं की जो भोकाड पसरला जातो तो आख्खा डबा ऐकतो.

मांडवीतलं खाणं प्रसिद्ध आहे, सतत कोणी ना कोणी काहीतरी घेऊन जात असतं, मोठ्यांची मजा आहे. मुलांसाठी मात्र आईने दशम्या, राजगिऱ्याचे लाडू आणि दहीभाताचा डबा घेतला होता आणि दहीभात पनवेल सोडल्यावर लगेच संपवला, दुपारपर्यंत ठेवायचा नाही. थर्मासमध्ये गरम पाणी घरून घ्या, पॅन्ट्रीवाल्याकडे मागितलं तर आम्हाला मिळालं पण त्याच्यावर विसंबू नका.

पुण्याकडून येणाऱ्यांना रस्त्यानेच यावं लागतं बहुतेक वेळा. कोल्हापूरवरून गगनबावडा किंवा राधानगरीकडून फोंडा घाट, नाहीतर आंबोली. कुठूनही उतरलात तरी वळणं आहेतच, म्हणून घाटाच्या आधी अर्धा-पाऊण तास पोटभर खायला घालू नका, दूध तर अजिबात नको, कोरडं काहीतरी द्या, आणि घाटात पुस्तक-मोबाईल बंद, नजर समोर रस्त्यावर. उलटीची पिशवी हाताशी ठेवा, डिकीत नाही. आमच्याकडे कुडाळ ते मालवण तीसेक किलोमीटरच्या रस्त्यातच ही पिशवी लागली, तीही मुलांना नाही तर बायकोला.

राहायला तारकर्लीच्या रस्त्यावर घरगुती ठिकाण घेतलं होतं. फोनवर खोली बघताना समुद्र किती जवळ हे सगळेच विचारतात, पण लहान मुलं असतील तर विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. खोली तळमजल्यावर आहे का, अंगणाला गडगा किंवा फाटक आहे का, विहिरीला कठडा आणि जाळी आहे का (कोकणात घराजवळ विहीर असतेच आणि दोन वर्षांचं पोर सगळ्यात आधी तिकडेच पळतं), लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का, मच्छरदाणी देतील का, आणि बिनतिखट जेवण करून मिळेल का. सगळ्याची उत्तरं हो आली तर समुद्र दहा मिनिटं लांब असला तरी चालेल.

जेवणावर थोडं जास्त लिहितो कारण त्याचीच सगळ्यांना धास्ती असते. मालवणी म्हटलं की लाल रस्सा आणि कोंबडी-वडे डोळ्यांसमोर येतात, आणि मग लोक पोरांसाठी मॅगीची पाकिटं घेऊन निघतात. काही गरज नाही हो. कोकणी घरातलं सकाळचं खाणं हे जणू लहान मुलांसाठीच बनवलेलं असतं. उकड्या तांदळाची पेज, घावणे, आंबोळी, आणि नारळाच्या गोड रसातले शिरवळे (तांदळाच्या शेवया) मिळाले तर मग विचारूच नका. पहिल्याच सकाळी घरमालकीण काकूंनी मुलीला विचारलं, "पेज होयी काय गो?", तिला काही कळलं नाही पण मान हलवली, आणि नंतर रोज सकाळी उठल्या उठल्या ती स्वयंपाकघराच्या दारात वाटी घेऊन उभी. मासे खाणारी मुलं असतील तर सुरमईची तुकडी फक्त हळद-मीठ लावून तव्यावर परतून द्या म्हणून सांगा, काटा कमी असतो. फक्त हे सगळं आदल्या रात्री सांगायचं. ऐन जेवणाच्या वेळी सांगितलं तर पोरगं भुकेने रडत असतं आणि त्या बिचाऱ्या एकीकडे बारा माणसांचं ताट लावत असतात. सोलकढीत मिरची असते, लहानांना आधी एक चमचा देऊन बघा.

आता समुद्र. मुलांना घेऊन पाण्यात जायचं तर भरती-ओहोटी बघूनच जावं, आणि त्यासाठी कुठलं ॲप लागत नाही, कॅलेंडरवरची तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सहाच्या आसपास पूर्ण भरती, मग बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती भर दुपारी आणि पाणीही जास्त चढतं. हा ढोबळ हिशोब आहे, जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, शेवटचा शब्द तिथल्या कोळ्यांचा. पण याच्यावरून सकाळी जायचं की संध्याकाळी हे ठरवता येतं. आम्ही साधारण नवमीच्या आसपास होतो, सकाळी नऊला पाणी मागे जात होतं, ओली घट्ट वाळू मोकळी झाली होती, किल्ले करायला एकदम झकास. पाणी ओसरताना आत ओढ असते, तेव्हा पोरांचे घोटे भिजतील त्याच्या पुढे न्यायचं नाही आणि एका मोठ्या माणसाने फक्त तेवढंच काम करायचं, फोटो दुसऱ्याने काढायचे. एक मुलगा एक माणूस, एक मुलगी एक माणूस. "आपण सगळेच लक्ष ठेवू" म्हटलं की कोणीच ठेवत नाही.

वॉटर स्पोर्ट्सवाले मागे लागतात, पॅरासेलिंग, बनाना राइड वगैरे. आम्ही नाही केलं. देवबागला कर्ली नदीच्या संगमापर्यंत साध्या बोटीतून मात्र जाऊन आलो, पाणी शांत होतं, मुलांना तेवढं पुष्कळ झालं.

सिंधुदुर्ग किल्ल्याला एक आख्खी सकाळ दिली. मालवणच्या धक्क्यावरून बोटी सुटतात, पावसाळ्यात बंद असतात. पहिल्या बोटींपैकी एखादी पकडा, अकराच्या पुढे ऊन पण चढतं आणि रांग पण. लाइफ जॅकेट मोठ्यांच्या मापाची असतात, आमच्या छोट्याच्या अंगातून ते सरळ वरून निघून येत होतं, म्हणून लहान माप आहे का ते बोटीत बसायच्या आधी मागा, नसेल तर पुढच्या बोटीसाठी थांबा किंवा घरूनच न्या, आम्ही थांबलो. बोटवाले साधारण तासाभराची वेळ देतात. तेवढ्यात आख्खा तट फिरून होत नाही, आणि पोरांना घेऊन तटावर चढूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, पायऱ्या उंच आणि वरती कठडा बऱ्याच ठिकाणी नाही. त्यापेक्षा दरवाज्याजवळचे महाराजांच्या हाताचे आणि पायाचे चुन्यातले ठसे दाखवा, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं मंदिर बघा आणि मग विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, हे मुलीला इतकं अजब वाटलं की किल्ला १६६४ ते १६६७ मध्ये बांधला वगैरे माझं भाषण तिने ऐकलंच नाही, ती फक्त विचारत होती की साखर कोणी टाकली.

आई किल्ल्यावर आली नाही. बोटीत चढ-उतार करणं गुडघ्यांना झेपणार नाही हे तिनेच आधी सांगितलं, आणि तिला ती सकाळ झोपाळ्यावर एकटीला मिळाली. बरोबर आजी-आजोबा असतील तर ते पोरं सांभाळायलाच आलेत असं धरून चालू नका, त्यांना पण मोकळा वेळ द्या, संध्याकाळी मग ते स्वखुशीने दोघांना घेऊन बसतात आणि तुम्हाला बाजारात खाजं आणायला जाता येतं.

स्ट्रोलर नेऊ नका. वाळूत चालत नाही, चिऱ्याच्या पायऱ्यांवर चालत नाही, किल्ल्यात तर प्रश्नच नाही. अंगाला बांधायची झोळी न्या. कपड्यांसाठी आईची युक्ती अशी की प्रत्येक दिवसाचे दोघांचे कपडे, आतले-बाहेरचे सगळे, एका जुन्या उशीच्या अभ्र्यात भरायचे. रोज एक अभ्रा उघडायचा, संध्याकाळी मळके त्याच्यातच कोंबायचे, बॅग उपसावी लागत नाही. घरची वापरातली चादर आणि झिरोचा बल्ब पण न्या, नवीन जागेत पहिल्या रात्री छोटा झोपायलाच तयार नव्हता, ती चादर अंथरली तेव्हा जरा शांत झाला. औषधांत ओआरएस, तापाचं सिरप (डॉक्टरांकडून आत्ताच्या वजनाप्रमाणे किती एमएल ते लिहून घ्या), थर्मामीटर. डायपर मालवण बाजारात मेडिकलमध्ये मिळतात, आणि वापरलेले वाळूत पुरून येऊ नका प्लीज, आम्हाला किनाऱ्यावर दिसले आणि जाम राग आला.

सावंतवाडी अर्ध्या दिवसात होते. चितार आळीतली लाकडी खेळणी, म्हणजे लाकडी फळं, भातुकली, भोवरे, पोरांना दुकानात नेण्याआधी बजेट सांगून ठेवा, प्रत्येकी एकच. छोट्याने लाकडी केळं घेतलं आणि जीपमध्ये बसल्यावर ते सोलायचा प्रयत्न करत राहिला. राजवाड्यातली गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) बघायची माझी इच्छा होती पण एक वाजत आला होता, म्हणून सरळ परत. दुपारची झोप मोडली की संध्याकाळ गेलीच समजा, त्यापेक्षा गंजिफा पुढच्या वेळी.

परतीची मांडवी कुडाळहून सकाळी अकराच्या सुमारास मिळते आणि ठाण्याला रात्री येते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी शाळा आणि ऑफिस नसेल असंच तिकीट काढा, आम्ही शनिवारचं काढलं होतं. ठाण्याला गाडी फार थांबत नाही आणि तोपर्यंत दोन्ही मुलं गाढ झोपलेली असतात. पनवेल गेलं की सामान दाराकडे न्यायला लागा, बूट घाला, कोण कोणाला उचलणार आणि कोणती बॅग कोणाकडे ते आधीच ठरवून ठेवा. आईकडे फक्त पर्स आणि चपलांची पिशवी द्या.